पैसा आपला, मग निर्णय कोणाचा?



गेल्या महिन्यात झाशीच्या लक्ष्मी तालाच्या काठी, महालक्ष्मीच्या देवळाजवळ आम्ही पंचवीस-तीस मराठी माणसे बसलो होतो. बहुतेक निवृत्त. कोणी वॅगन कारखान्यातला फिटर, कोणी गार्ड, कोणी आर.एम.एस.मधला सॉर्टर, एक पोस्टमास्तर, आणि नोकरीत असलेली चार-पाच तरुण मुले-मुली. १ एप्रिल २००३ रोजी झाशी विभाग उत्तर मध्य रेल्वेत गेला. तोवर तो मध्य रेल्वेचा होता आणि आपले मुख्यालय मुंबई होते. त्यामुळे भुसावळ, मनमाड, कल्याणकडची माणसे बदलीवर इकडे येत, आणि काही इथलीच होऊन राहत. अशांनी गेली कित्येक वर्षे महिन्याला पन्नास-शंभर करून वर्गणी जमवली. ती आता एक लाख चाळीस हजारांवर गेली आहे. ती दान करायची हे सर्वांना मान्य. कोणाला द्यायची, यावर दीड तास भांडलो आणि ठराव न करता उठलो.

पुढच्या बैठकीआधी मी माझे म्हणणे उघडपणे लिहितो आहे. हा वाद आमच्यापुरता नाही. जिथे जिथे कामगारांची वर्गणी जमते, तिथे तिथे ती कोणत्या निधीत घालावी हा प्रश्न येतो आणि बहुधा दोन मिनिटांत, चहा येण्याच्या आत, निकालात निघतो. तो असा निघू नये एवढ्यासाठी हा लेख.

त्या दिवशी तीन बाजू पडल्या. पहिली बाजू म्हणाली, तालाच्या काठावर बाके बसवू, घाटाची डागडुजी करू आणि देणाऱ्यांच्या नावांची फरशी लावू. दुसरी म्हणाली, कशाला डोकेफोड, पंतप्रधानांच्या निधीत भरू, देशाचे काम होईल. तिसरी बाजू पोस्टातल्या एका तरुण मुलीने मांडली. तिने एका सामुदायिक प्रतिष्ठानाचे, म्हणजे कम्युनिटी फाउंडेशनचे, माहितीपत्रक आणि फॉर्म आणला होता. फॉर्मवर पाच चौकटी. त्यांपैकी पहिली 'विश्वस्त मंडळाच्या निर्णयानुसार कोणत्याही कार्यासाठी'. लगेच एकजण म्हणाला, "त्याच चौकटीवर खूण करा आणि मोकळे व्हा." माझा पाठिंबा तिसऱ्या बाजूला आहे. पण त्या चौकटीला माझा कडवा विरोध आहे, आणि तो का, ते सांगतो.

आधी हे प्रतिष्ठान म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण नाव ऐकून निम्म्या लोकांना ती चिटफंडाची नवी तऱ्हा वाटली. १९१४ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात फ्रेडरिक गॉफ नावाच्या बँकवाल्याने पहिले असे प्रतिष्ठान काढले. त्याचा मुद्दा साधा होता. श्रीमंत माणसे मरताना मृत्युपत्रात अटी घालून जातात, काळ बदलतो, त्या अटी निरर्थक होतात आणि पैसा मेलेल्या माणसाच्या मुठीत अडकून पडतो. म्हणून एकाच विश्वस्त संस्थेखाली पुष्कळ लहानमोठे निधी ठेवायचे, गुंतवणूक आणि हिशेब एकत्र करायचा, आणि दरवर्षी गावची गरज पाहून वाटप करायचे. आपल्याकडे मुंबईत १९९१ साली बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट याच विचाराने उभा राहिला. ज्याच्याकडे लाख-दोन लाखच आहेत, त्याला स्वतंत्र ट्रस्ट काढणे, हिशेब तपासनीस नेमणे, दरवर्षी विवरणपत्रे भरणे परवडत नाही. त्याने अशा छत्राखाली आपला निधी उघडावा, ही सोय चांगली आहे. यात भांडवलदारी कावा वगैरे काही नाही.

पण गॉफ हा बँकवाला होता हे विसरू नका. मेलेल्याची मूठ सोडवताना त्याने वाटपाचा अधिकार शहरातल्या प्रतिष्ठितांच्या समितीकडे दिला. मेलेल्याची मूठ सुटली खरी, पण ती जाऊन कोणाची आली? फॉर्मवरची पहिली चौकट म्हणजे हाच प्रश्न आहे.

आता जरा मागे जाऊ. आम्ही बसलो होतो तिथून गंगाधररावांची छत्री दिसते. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी ते वारले. राणी लक्ष्मीबाईंनी ही छत्री बांधली. पर्यटक तिचे फोटो काढतात. त्या मृत्यूनंतर पैशाचे काय झाले, ते मात्र कोणी विचारत नाही. १८५४ साली कंपनी सरकारने झाशी खालसा केली आणि राणीला महिना पाच हजार रुपये पेन्शन ठरवली. आणि मग काय केले? नवऱ्याच्या वेळचे देणे त्याच पेन्शनीतून फेडा म्हणून तगादा लावला. राज्य घेतले सरकारने, कर्ज मात्र विधवेच्या पेन्शनीतून! निवृत्तीनंतर वर्षानुवर्षांपूर्वीच्या 'जादा दिलेल्या' रकमेची वसुली ज्यांच्या नावे निघाली आहे, त्यांना ही तऱ्हा ओळखीची वाटेल.

याहून मोठी गोष्ट सहा लाखांची. गंगाधररावांच्या खासगी मिळकतीपैकी सहा लाख रुपये सरकारने दत्तक मुलाच्या, दामोदररावाच्या, नावे आपल्या खजिन्यात ठेवले. मुलगा सज्ञान होईपर्यंत आम्ही सांभाळतो, असा भाव. कागदावर हा चोख विश्वस्त निधी होता. लाभार्थी ठरलेला, रक्कम ठरलेली, सांभाळणारा भक्कम. मुलाची मुंज काढली तेव्हा राणीने त्यातले एक लाख मागितले. सरकार म्हणाले, आधी जामीनदार आणा. ज्याचा पैसा त्याच्याच मुंजीला जामीन! १८५७ नंतर ती रक्कम सरकारने गिळली. दामोदरराव इंदूरला तुटपुंज्या पेन्शनीवर जगले आणि १९०६ साली वारले. सहा लाख काही त्यांच्या हाती लागले नाहीत.

महालक्ष्मीच्या देवळाचीही तीच कथा. देवळाच्या खर्चासाठी गावांचा वसूल लावून दिलेला होता. झाशी खालसा झाल्यावर कंपनीने ती गावे काढून घेतली. लावून देणारे कधीच गेलेले, पुजारी विचारायला असमर्थ. एका हुकमाने शतकभराचे दान संपले.

या तिन्ही ठिकाणी दान किंवा ठेव देणाऱ्याचा हेतू शुद्ध होता. हेतूने काही वाचले नाही. सही करण्याचा अधिकार दुसऱ्याकडे होता, आणि त्याला जाब विचारण्याची सोय नव्हती.

आता याच जागेची दुसरी गोष्ट. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे घरचे कर्ज फेडायला दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेत निघाले आणि १८५७च्या वणव्यात सापडले. झाशीला राणीच्या पदरी राहिले, वेढाही पाहिला. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापून आला. त्यात ते एक प्रसंग सांगतात. थंडीचे दिवस. महालक्ष्मीच्या दर्शनाहून परतताना राणीला वेशीच्या दरवाजाशी गोरगरिबांची मोठी गर्दी आणि कलकलाट दिसला. हे लोक कोण, काय मागतात, असे तिने विचारले. थंडीने हाल होतात, अंगावर घालायला काही द्यावे, अशी त्यांची मागणी निघाली. तिने हुकूम दिला, गावातले शिंपी कामाला लागले, आणि चौथ्या दिवशी माणशी टोपी, अंगरखा आणि घोंगडी वाटली.

भटजींना दानधर्माचे कौतुक, म्हणून त्यांनी ते लिहिले. माझे लक्ष वेगळ्या ठिकाणी जाते. राणीने आधी विचारले. मागणाऱ्यांनी स्वतः सांगितले. जे मागितले तेच दिले, मुदत ठरवून दिले, आणि शिंप्यांना काम मिळाले. निधी कसा असावा याचा यापेक्षा चांगला नमुना मला तरी माहितीपत्रकात सापडला नाही. (राणी राजघराण्यातली होती, आपण तिच्या दरबाराचे भाट नाही, हे कबूल. पण शहाणपण कोणाकडूनही घ्यावे.)

या तराजूत आमच्या तीन बाजू घाला.

बाके आणि फरशी. लक्ष्मी तालात शहराचे नाले सोडले गेले, काठावर अतिक्रमणे झाली, प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. नाल्याचे पाणी शुद्ध करून सोडणे हे नगर निगमाचे काम आहे. त्यासाठी आपण कर भरतो. गटाराच्या वासात बाक टाकून त्यावर आपली नावे कोरायची, ही सेवा की हौस? आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याला हे बोलणे लागले. त्यांच्या पत्नीच्या नावाचे बाक त्यांना हवे आहे. त्यांच्या भावनेचा मी आदर करतो. ते बाक त्यांनी स्वतःच्या पैशाने बसवावे, मी सिमेंट कालवायला येतो. वर्गणी मात्र सर्वांची आहे.

पंतप्रधानांचा निधी. हे नाव घेतले की विरोध करणाराच देशद्रोही ठरतो, म्हणून सावकाश सांगतो. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी जानेवारी १९४८ मध्ये नेहरूंच्या आवाहनावरून, फाळणीतल्या निर्वासितांसाठी सुरू झाला. त्याच्या मूळ व्यवस्थापन समितीत काँग्रेसचे अध्यक्ष होते, उपपंतप्रधान होते, अर्थमंत्री होते, टाटा ट्रस्टचा प्रतिनिधी होता आणि फिक्कीने निवडलेला उद्योग-व्यापाराचा प्रतिनिधी होता. कामगारांचा एकही नव्हता. १९८५ मध्ये समितीने सगळा कारभार पंतप्रधानांवर सोपवला. २०२० च्या मार्चमध्ये पीएम केअर्स निघाला. पंतप्रधान अध्यक्ष, तीन केंद्रीय मंत्री विश्वस्त. रेल्वे मंत्रालयाने जाहीर केले की कर्मचाऱ्यांच्या एक दिवसाच्या पगाराचे १५१ कोटी या निधीत जातील. त्याच वर्षी पंतप्रधान कार्यालयाने माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर दिले की हा निधी कायद्याच्या अर्थाने सार्वजनिक प्राधिकरणच नाही. काही वर्षांचे तपासलेले ताळेबंद संकेतस्थळावर आले, पण अमुक रक्कम तमुक ठिकाणी का दिली, हे देणाऱ्याने विचारायचे तर दार बंद.

त्या एप्रिलमध्ये केंद्राच्या महसूल विभागाचे परिपत्रक निघाले. मार्च २०२१ पर्यंत दरमहा एक दिवसाचा पगार द्यावा, आणि ज्याची हरकत असेल त्याने आपला कर्मचारी क्रमांक घालून लेखी कळवावे. वा रे स्वेच्छा! हरकत घेणाऱ्यांची यादी साहेबाच्या टेबलावर तयार. आणि हे एकाच रंगाचे सरकार करते असेही नाही. २०१८च्या पुरानंतर केरळच्या डाव्या सरकारने कर्मचाऱ्यांकडून महिन्याचा पगार मागताना हीच युक्ती केली. नाही द्यायचे तर नकारपत्र भरा! उच्च न्यायालयाने ती अट अडवली आणि २९ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. पूरग्रस्तांना मदत हवीच होती. पण झेंडा लाल असला म्हणून सक्तीची कपात दान होत नाही, हे आपण आपल्याच लोकांना सांगितले पाहिजे. १९३६च्या वेतन अदायगी कायद्यातसुद्धा पंतप्रधान मदत निधीसाठी कपात करायची तर कामगाराची लेखी संमती लागेल, असे लिहिलेले होते. संमती देणाऱ्याची, नकार देणाऱ्याची नव्हे.

एवढे झाल्यावर बैठकीतला आमचा जुना कडवा कार्यकर्ता उठला. त्याचे म्हणणे, दानधर्म हा कामगारांचा धंदाच नव्हे, हा पैसा लढ्याच्या निधीत टाका, बाकी सगळे मलमपट्टीचे राजकारण. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून त्याला टाळून पुढे जाता येत नाही. पण ना. म. जोशींकडे पाहा. १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. चाळीत रात्रशाळा, वाचनालये, औषधोपचार. हेच जोशी १९२० साली आयटकच्या उभारणीत होते आणि पुढे तिचे सरचिटणीस झाले. चाळीतल्या कामाने त्यांना युनियनपासून दूर नेले नाही, उलट तिच्यापर्यंत नेले. तेव्हा प्रश्न दान की लढा असा नाही. आपले दान मालकाचे बिल भरते की नाही, हा प्रश्न आहे.

हे बिल भरणे फार सहज होते. माहितीपत्रकात एक चौकट 'स्वच्छता कर्मचाऱ्यांसाठी साहित्य' अशी आहे. वाचून कोणाचेही मन द्रवेल. डबे धुणाऱ्या, रूळ साफ करणाऱ्या कंत्राटी मुला-मुलींना हातमोजे आणि गमबूट. पण बूट देणे हे कंत्राटदाराचे काम आहे, आणि त्याने कुचराई केली तर सोयींची आणि पगाराची जबाबदारी १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्याने मूळ मालकावर टाकली होती. आपण वर्गणीतून बूट दिले की कंत्राटदाराचा तेवढा खर्च वाचला आणि युनियनची तेवढी मागणी मेली. म्हणून त्या चौकटीलाही माझा विरोध आहे. तिथे निवेदन द्या, धरणे धरा. वर्गणी देऊ नका.

मग द्यायचे कोणाला? त्याच कंत्राटी कामगाराच्या मुलीच्या शिक्षणाला द्या. ती उद्या आय.टी.आय.ला जाणार असेल तर प्रवेश फी, हत्यारांची पेटी, बसचे भाडे कोणी मालक देणार नाही. आपल्या रेल्वेत कर्मचारी हितनिधी आहे. एकेकाळी कामगारांकडून वसूल केलेल्या दंडाच्या पैशातून तो उगवला, आज त्याच्या समितीत आपले प्रतिनिधी बसतात आणि आपल्या मुलांना त्यातून शिष्यवृत्त्या मिळतात. कंत्राटी सफाईवाल्याच्या मुलीला त्यात जागा नाही, कारण कागदोपत्री तिचा बाप रेल्वेचा माणूसच नाही. तीच गत ग्रामीण डाक सेवकाची. ऊन-पावसात टपाल तोच पोचवतो, पण नियमित पोस्टमनसारखी पेन्शन त्याला नाही. एकाच फलाटावर, एकाच कचेरीत आपल्या शेजारी उभे राहून जे आपल्या सवलतींच्या रेघेबाहेर आहेत, त्यांच्या मुलांसाठी हा निधी असावा.

म्हणून पहिली चौकट नको. तिच्या खाली दुसरी चौकट 'विशिष्ट विषयासाठीचा निधी' अशी आहे. ती घ्यावी. विषय देणाऱ्यांनी लिहायचा, वाटप प्रतिष्ठानाने त्या विषयातच करायचे. तिसरी चौकट 'देणगीदाराच्या सल्ल्याने' अशी आहे. ती बऱ्याच जणांना आवडली, पण तिच्यात आपला फक्त सल्ला असतो. शेवटची सही मंडळाचीच. शिवाय दरवर्षी सल्ला देणार कोण? आज आम्ही पंचवीस आहोत. दहा वर्षांनी किती उरणार, हे सांगायला ज्योतिषी नको. विषय एकदा कागदावर पक्का केला की आम्ही नसलो तरी तो राहतो. मात्र तो गॉफला भीती होती तसा मुठीत अडकू नये. म्हणून 'आय.टी.आय.' असे न लिहिता 'व्यवसाय शिक्षण' लिहावे. उद्या आय.टी.आय.चे नाव बदलले तर घोटाळा नको.

हिशेबाबाबत मी हट्टी आहे, त्याला कारण आहे. एका संस्थेला मी पाच वर्षे पैसे पाठवले. सहाव्या वर्षी हिशेब मागितला. उत्तरादाखल भिंतीवरचे कॅलेंडर आले, गुळगुळीत कागद, अध्यक्षांचा हार घातलेला फोटो. ते कॅलेंडर मी जपून ठेवले आहे. १९७४च्या संपात, ८ मेपासून पुढच्या वीस दिवसांत आणि नंतरच्या बडतर्फीच्या दिवसांत, ज्या घरांतली चूल थंडावली त्यांच्यासाठी धान्य गोळा झाले. त्याची पावती कोणी मागितली नाही, असे जुने लोक अभिमानाने सांगतात. खरे आहे. पण तेव्हा देणारा आणि घेणारा एकाच क्वार्टरच्या ओळीत राहत होते. भांड्यात किती डाळ पडली ते खिडकीतून दिसत होते. आता पैसा बँकेतून जातो. खिडकी नाही, म्हणून ताळेबंद हवा.

इथे महाराष्ट्रातल्या वाचकांना एक सांगतो. तुमच्याकडे १९५०चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आहे, धर्मादाय आयुक्ताचे कार्यालय आहे, ट्रस्टची नोंद आणि हिशेब तिथे द्यावे लागतात, तक्रार करायला एक टेबल तरी आहे. उत्तर प्रदेशात असे कार्यालय नाही. दुय्यम निबंधकाकडे विश्वस्तपत्र नोंदले की ट्रस्ट झाला. त्यामुळे इकडच्या माणसाने जे हवे ते निधीच्या करारातच लिहून घेतले पाहिजे. आयकरातल्या '८०-जी'च्या सवलतीवर काहींनी फार भर दिला, त्यांना एवढेच की नव्या कररचनेत गेलेल्याला या देणगीची वजावट मिळत नाही. आमच्यातले बहुतेक तिकडे गेले आहेत. सवलतीसाठी संस्था निवडणे म्हणजे पिशवीसाठी किराणा निवडण्यासारखे.

तेव्हा पुढच्या बैठकीत मी ठराव मांडणार आहे तो असा. एक लाख चाळीस हजारांपैकी एक लाख मूळ निधी म्हणून ठेवावे आणि तसे लेखी कळवावे. ते कळवले नाही तर रक्कम चालू देणगीत धरली जाते आणि खर्च होऊन जाते. उरलेले चाळीस हजार याच वर्षी वाटावेत, कारण एका लाखाच्या व्याजात एका मुलीचे वर्षसुद्धा निघत नाही, आणि प्रवेश जूनमध्ये आहेत. विषय 'झाशीतील कंत्राटी रेल्वे कामगार व ग्रामीण डाक सेवक यांच्या मुलामुलींचे व्यवसाय शिक्षण'. निवड समितीत दोघे आमचे, एक प्रतिष्ठानाचा, आणि दोघे कंत्राटी कामगार व डाक सेवक यांच्यातले, त्यांनीच निवडलेले. गरज त्यांना विचारूनच ठरवायची. व्यवस्थापन खर्च किती टक्के कापणार हे करारात आकड्याने. 'वाजवी' हा शब्द चालणार नाही. ताळेबंद दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत, मराठीत आणि हिंदीत. सलग दोन वर्षे आला नाही तर पुढची वर्गणी बंद आणि हा निधी त्याच विषयाच्या दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेकडे वळवण्याचे कलम. प्रतिष्ठानाला हे कलम मान्य नसेल तर फॉर्म परत.

वर्गणी पगारातून वा पेन्शनीतून कापून घेण्याची सूचना आली होती, तिला माझा विरोध नोंदवून घ्यावा. ज्याला द्यायचे आहे त्याने हाताने आणून द्यावे, नाही दिले तर कोणी कारण विचारू नये.

बैठक पुढच्या रविवारी, त्याच जागी, सकाळी नऊला. फॉर्मची कोरी प्रत आणि कराराचा मसुदा माझ्याकडे आहे. बाकाच्या बाजूने असलेल्यांनी जरूर यावे. चष्मा मात्र विसरू नये, पान चारवरची कलमे फार बारीक अक्षरात आहेत.